चिऱ्याला वीट म्हणणाऱ्या खात्याच्या मंत्र्यांस

मा. मंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

गेल्या गणेशचवथीला आपण गोव्यातल्या अंत्रुज महालातल्या आमच्या घरी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या खाल्ल्यात आणि राजांगणातल्या, म्हणजे घरामधल्या चौकातल्या, तुळशीकडे बघत म्हणालात, "हे घर पडू द्यायचे नाही." परवा रात्री देवखोलीची भिंत पडली. मी माडीवर निजलो होतो, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

दुरुस्तीचा अर्ज नामंजूर झाला, कारण आपल्या अभियंत्याचा शेरा: 'विटांचे बांधकाम'. साहेब, घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे आहे! बुकॅनन नावाच्या स्कॉटिश माणसाने मलबारात हाच दगड विटेसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली त्याला 'लॅटेराइट' म्हटले. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. आपले अभियंते लॅटिन शिकलेले असावेत. मराठी अर्ज वाचायचा राहिला तो त्यामुळेच.

चिरा खाणीतून मऊ निघतो, वारा लागला की घट्ट होतो. पण तो पाणी पितो. म्हणून पणजोबांनी शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा दिला होता. आपल्या अभियंत्याने सिमेंट मारायला सांगितले. मारले. ओल आत कोंडली, चिरा भुसभुशीत झाला. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, ते उघडे चिरे आजही पावसात झिजताहेत. जागतिक वारशाची ही गत, तिथे आम्हांला कोण विचारतो?

वर सगळ्या वारसांची ना हरकत आणा म्हणे. एकतीस की तेहतीस आहोत, मुंबईपासून लिस्बनपर्यंत. माझ्या कचेरीच्या खेपा चाळीस तरी झाल्या. पेट्रोलचा नेमका हिशेब बायकोकडे आहे, तिला विचारायची माझी छाती नाही.

दलाल मात्र दर महिन्याला न बोलावता येतो. त्याला 'पोर्तुगीज व्हिला' विकायचा आहे. राजांगण, तुळस, देवखोली, आणि म्हणे पोर्तुगीज! ते तर १९६१ सालीच गेले. शेते-डोंगरांचे झोन बदलायला नगरनियोजन कायद्यात एकामागून एक कलमे घुसवलीत, १६ब काय, १७(२) काय, ३९अ काय. चिऱ्याच्या एका भिंतीसाठी मात्र शाई संपते. इथे घर राखणारा मूर्ख आणि विकणारा विकासपुरुष, हेच सरकारी धोरण असेल तर तसे राजपत्रात छापा, आमच्या खेपा तरी वाचतील.

चवथ जवळ आली. माटोळी टांगायचे वासे भिंतीबरोबर खाली आलेत. यंदाही या. छत्री घेऊन या.

आपला,
तेहतिसांपैकी एक वारस