बेटाचे नाव लिहिणारी माणसे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला, पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या फिंच या छोट्या पक्ष्यांवरचा लेख काल दोनदा वाचला. चार्ल्स डार्विन त्या बेटांवर उतरले, चोची पाहिल्या आणि त्यांना उत्क्रांतीचे सगळे उमगले, असे लेखिका म्हणतात. तसे घडलेले नाही. १८३५ मध्ये तिथे असताना त्यांना यातले काही पक्षी भलत्याच कुळांतले वाटले होते. कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, हेही त्यांनी बहुतेकांच्या बाबतीत लिहून ठेवले नाही. जानेवारी १८३७ मध्ये लंडनला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी ते सारे एकाच गटातले असल्याचे सांगितले आणि मग कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, याची शोधाशोध सुरू झाली. तेव्हा कामी आले डार्विन यांच्या जहाजाचे कप्तान फिट्झरॉय, त्यांचा खिदमतगार हॅरी फुलर आणि डार्विन यांचा नोकर सिम्स कव्हिंग्टन यांनी बेटाचे नाव लिहून जमवलेले पक्षी. तुमच्या पानभर लेखात या तिघांना एक ओळ नाही.

मी एका महाविद्यालयात २७ वर्षे प्राणिशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक होतो. कापूस भरलेल्या पक्ष्यांच्या पायाला चिठ्ठी बांधायचे काम माझे. उरणच्या भातखाचराजवळ मेलेली सापडलेली एक ठिपकेदार मनोली अजून डोळ्यांपुढे आहे. जाड कागद, काळी शाई, पायाला दोऱ्याचे दोन वेढे. एका बाजूला गाव आणि तारीख, मागे डोळ्यांचा रंग, कारण मेल्यावर तो टिकत नाही. निवृत्तीनंतर सहज गेलो, तर कपाटे नवी आणि चिठ्ठ्या छापील. त्यांवर नुसते नाव. जुन्या पिवळ्या पडल्या म्हणून फेकल्या, असे सांगितले. आता ती मनोली उरणची की उल्हासनगरची, कोण सांगणार? त्या रात्री मला जेवण गेले नाही.

चिठ्ठीची किंमत आपल्या रानपिंगळ्याला, त्या छोट्या दुर्मिळ घुबडाला विचारा. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक माइनर्ट्झहागेन यांनी संग्रहालयातून चोरलेल्या नमुन्यावर गुजरातेतल्या मांडवीचे नाव घातले आणि शोधणारे चुकीच्या जागी भटकले. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, खऱ्या नोंदींचा माग काढला, तेव्हा कुठे १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर मधे ११३ वर्षे गेली होती.

आणि लेखासोबत छापलेला पक्षी गॅलापागोसचा नाही, आपल्याकडची लाल मनोली आहे. तिचे कूळसुद्धा वेगळे. छायाचित्राखालची ओळ छापण्याआधी कोणी तपासत नाही का?

दुरुस्ती छापाल तेव्हा फुलर आणि कव्हिंग्टन ही नावे पूर्ण छापा.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, गिरगाव, मुंबई