दारुड्याची नक्कल पुरे, आता घरच्यांचं ऐका

मा. कला आणि संस्कृती मंत्री, गोवा राज्य,
स. न. वि. वि.

आपल्याकडे जत्रेच्या नाटकात दारुड्याचं काम हमखास टाळ्या घेतं. झोकांडी गेली, जीभ अडखळली की मांडवात हशा. त्या वेळी किती बायका हसत नाहीत, ते एकदा मागे वळून बघा. (तुम्हाला पहिल्या रांगेत बसवतात, त्यामुळे जमणं कठीणच.)

दुसरं टोक २६ जूनच्या, अमली पदार्थविरोधी दिनाच्या पोस्टर स्पर्धेचं. कवटी, सिरिंज आणि खाली घोषवाक्य. ज्याचा बाप रोज पिऊन येतो तो मुलगाही कवटीच काढतो, कारण बक्षीस तिलाच मिळतं.

डिचोलीत आम्ही काही नाटकवाले व्यसनातून बाहेर पडलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र बसवून लिहायला, रंगवायला देतो. घराचं चित्र काढ म्हटल्यावर नववीतल्या एका मुलाने कागदभर फक्त दाराची कडी काढली, आतून लावलेली. एका गृहस्थांची दारू सुटून बराच काळ लोटला, तरी ताट वाढताना बायको अजून जरा जास्तच वाकते, तोंडाला वास येतो का बघायला. त्यावर त्यांनी कविता लिहिली. तक्रार नाही, शेवटी एवढंच, 'वाकू दे तिला.' वाचून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला कळत होतं तर!"

दारू सुटल्यानंतरचं हे घर आपल्या रंगमंचावर मला कधी दिसलेलं नाही. उपचाराच्या बाजूने गोव्यात काम झालंय. आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसांच्या समुपदेशनाने अतिमद्यपान आटोक्यात यायला मदत होते, हे मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' या गोव्यातल्या संस्थेच्या अभ्यासात दिसलं. २०१७ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कला खातं मात्र अजून घोषवाक्यापाशीच आहे.

आम्ही दारूबंदी मागत नाही. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हालाही बरंच वाटलं. मागणं साधं आहे: रवींद्र भवनांची छोटी सभागृहं वर्षातून एक आठवडा या लिखाणाला आणि चित्रांना विनाशुल्क द्या. लिहिणाऱ्याचं नाव, फोटो, बायोडेटा मागू नका. गाव लहान असतं, मुलींची लग्नं व्हायची असतात. आणि खात्याच्या अनुदानावर होणाऱ्या कार्यक्रमात दारू कंपनीचा फलक नको, मग तो सोड्याच्या नावाने का असेना.

सुरुवात साखळीच्या रवींद्र भवनात करता येईल. सभागृहासाठीचा अर्ज सोबत जोडला आहे.

आपली,
डिचोलीची एक नाट्यकर्मी