एका पोरीच्या तीन नोंदी

संपादक महोदय,

दर पावसाळ्यात आदिवासी भागातल्या बालमृत्यूंची बातमी येते आणि तिच्या शेवटी ‘विभागांमध्ये समन्वयाचा अभाव’ हे शब्द ठरलेले असतात. जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर मी सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. हा अभाव जवळून कसा दिसतो, ते एका पोरीच्या निमित्ताने लिहिते.

पोर सोळा महिन्यांची. दंडघेर ११.१ सेंटीमीटर. ११.५ च्या खाली म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. अंगात ताप, खाणं बंद, म्हणून तिला गावातल्या बालविकास केंद्रात न ठेवता आशाताईने आईची समजूत काढून पोषण पुनर्वसन केंद्रात नेलं. आई चौदा दिवस तिथे राहिली. नाचणी कापणीला आलेली, घरी आणखी दोन पोरं, बुडीत मजुरीची भरपाई हातात कधी पडेल याचा भरवसा नाही, तरी राहिली. अशा बायांना ‘अडाणी’ म्हणणाऱ्या साहेबांनी एकदा चौदा दिवस तिथल्या खाटेवर काढावेत.

पोरीचं वजन वाढलं, सुट्टी झाली. सुट्टीचा कागद आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुडाला अडकवला. केंद्र आरोग्य खात्याचं, त्यांनी आपल्या खात्याला कळवलं असेल. मी महिला व बालविकासची, मला कोण सांगणार? घर ओढ्यापलीकडच्या पाड्यावर. माझ्या रजिस्टरला पोर ‘दाखल’च होती आणि नऊ दिवस तिचा आहार मी धरलाच नाही. आशाताईच्या वहीत ‘डिस्चार्ज’ लिहिलेलं होतं. ती प्रशिक्षणाला गेलेली. मीही विचारायला गेले नाही, ही चूक माझी.

दहाव्या दिवशी लसीकरणाला पोर आली. उपकेंद्राच्या नर्सच्या, म्हणजे सिस्टरच्या काट्यावर ७ किलो १००, माझ्या काट्यावर ६ किलो ८००. कुणाचा काटा खरा यावर आमचं अर्धा तास चाललं. पोर मध्ये बसून बिस्कीट चोखत होती.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून तिच्या सहा सेवांपैकी लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (पुढच्या उपचाराला पाठवणं) या तीन आरोग्य खात्याच्या हातून व्हायच्या आहेत. म्हणजे दोन खात्यांनी मिळून काम करायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. महिन्यातून एकदा अंगणवाडीत भरणारा आरोग्य व पोषण दिवस त्याचसाठी. प्रत्यक्षात त्या दिवशी सुया होतात, सह्या होतात आणि सिस्टर पुढच्या पाड्याला निघते. तिलाही दोष देत नाही, तिच्याकडे पाडे किती आहेत ते मला माहीत आहे. शिवाय सिस्टरला पगार, मला मानधन, आशाताईला कामागणिक मोबदला. एकाच पोरीसाठी तिघी राबतो, पण कुणाचं काम कुणाच्या कागदावर चढलं यावरून मनं खट्टू होतात. हे कुठल्याच इतिवृत्तात येत नाही.

त्या पोरीनंतर आम्ही तिघींनी एक चाळीस पानी वही घातली. दर सोमवारी सॅम आणि मॅमच्या (मध्यम कुपोषित) पोरांची नावं, एकाच काट्यावरचं वजन, पुढे कुठे जायचं, आणि खाली तिघींच्या सह्या. वरून कुणी सांगितलं नव्हतं. पर्यवेक्षिका बाई आधी म्हणाल्या, आधीच अकरा रजिस्टरं आहेत, ही बारावी कशाला? नंतर त्याच वहीवरून मासिक अहवाल भरायला लागल्या.

पण वही पाड्यापुरती. सुट्टीनंतर पंधरा-पंधरा दिवसांनी चार वेळा पोरीला परत तपासायला न्यायचं असतं. दोनच भेटी झाल्या. दिवाळी सरली आणि घर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेलं. भट्टीजवळच्या अंगणवाडीत आईने विचारलं, तर ‘आमच्या यादीत नाव नाही’. माझ्या मोबाइलवर अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपमध्ये, पोषण ट्रॅकरमध्ये, ती माझ्याच गावात होती. शिमग्याला परत आली तेव्हा दंडघेर पुन्हा ११.३.

मला नवी योजना नको. केंद्रातून पोर सुटेल त्या दिवशी सेविकेला एक फोन जावा आणि कागदाची एक प्रत तिच्या हातात पडावी. अंगणवाडीचा आणि उपकेंद्राचा काटा महिन्यातून एकदा शेजारी ठेवून जुळवावा. घर भट्टीला निघताना तिथल्या सेविकेचा आणि आशाचा नंबर आईच्या कार्डावर लिहून द्यावा. तो शोधण्याचं काम पाड्यावरच्या बाईवर न टाकता दोन तालुक्यांच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी दसऱ्याच्या आत करावं, कारण दिवाळीनंतर पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुत्री एवढीच उरतात.

माझ्या जागी आलेली सेविका हुशार आहे. तिने वहीबद्दल विचारलं, तर तिला कार्यालयातून उत्तर मिळालं की, असा नमुना नाही.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. जव्हार, जि. पालघर