एम 715 चे कोन जुळवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

ट्रक रस्त्यावर आला, हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात आणि लगेच विचारलंत, "यू-बोल्ट परत आवळलेस का?" (ॲक्सलला स्प्रिंगच्या पाट्यांशी धरून ठेवणारे बोल्ट). आभार मानायला लागलो की तुम्ही असा विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. जुने लष्करी ट्रक उभे करणाऱ्या बाकीच्या वेड्यांनाही कळू दे, तुम्ही नेमकं काय केलंत ते.

ज्यांना हा ट्रक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कायझर जीपने 1967 ते 1969 या काळात बनवलेला हा सव्वा टनी ट्रक, ग्लॅडिएटर पिकअपवरून बेतलेला. कापडी टप, 24 व्होल्टची वायरिंग, सहा सिलिंडरचं 230 घनइंची टोर्नेडो इंजिन. पुढे डाना 60 ॲक्सल, मागे डाना 70 आणि दोन्हींत 5.87 चा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट 5.87 वेळा फिरतो. मूळच्या 9.00-16 टायरवर या रेशोने ताशी 60 मैल गाठायचे म्हणजे इंजिन 3,400 आरपीएमच्या आसपास बोंबलत असतं. चिखलातून ओझं ओढायला उत्तम, हायवेवर जीव नकोसा. वर चारही चाकांना ड्रम ब्रेक.

बेत तसा नवा नव्हता. एक टनी शेवरले पिकअपचा उघड्या नकलचा (चाक वळवणाऱ्या सांध्याचा) डाना 60 पुढे, जनरल मोटर्सचा 14 बोल्टवाला ॲक्सल मागे, दोन्हींत 4.56 चा रेशो, सदतीस इंची टायर आणि पुढे डिस्क ब्रेक. याच वाटेने बरेच एम 715 वाले जातात. तुमच्याकडे मी आलो होतो फक्त क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) बसवून घ्यायला. तुम्ही हौसिंगकडे (ॲक्सलच्या डब्याकडे) पाहिलंही नाहीत. विचारलंत, "लोड किती टाकणार? आणि चालवणार कुठं?" गाडी किती इंच उचलायची, हे मी सांगायला लागलो तर म्हणालात, "उंची शेवटी. पाटे ठरले की उंची आपोआप ठरते."

पाट्यांचा तो हिशोब मी अजून लोकांना सांगत फिरतो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो आणि लांबीच्या घनाने कमी होतो. म्हणजे लांबी नुसती वीस टक्के वाढवली तरी पाटा चाळीस टक्क्यांहून जास्त मऊ पडतो. म्हणून जाड, आखूड, कमानदार पाट्यांचा तयार संच घेण्याऐवजी लांब आणि पातळ पाने जास्त असलेले पाटे घ्यायचे, उंची बेताची ठेवायची, हे तुम्ही पाठकोऱ्या बिलावर आकडे मांडून पटवलंत. ते बिल मी जपून ठेवलंय. (मागे काय लिहिलंय ते सोडा, पुढे कुणाची तरी उधारी आहे.)

पण खरा उपकार पुढच्या ॲक्सलचा.

ट्रक थोडा का होईना उचलला, की ट्रान्सफर केसपासून (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) पुढच्या पिनियनपर्यंतचा शाफ्ट जास्त तिरका होतो. मग शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस झिजू नयेत म्हणून पिनियनचं नाक वर करावं लागतं. त्यासाठी अख्खा ॲक्सल फिरवला की किंगपिनचा (चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीचा) माथा पुढे झुकतो आणि कॅस्टर, म्हणजे त्या खिळीचा मागचा कल, जातो. कॅस्टर गेला की स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही, गाडी रस्ता हुंगत चालते. एक सांभाळावं तर दुसरं बिघडतं. बरेच जण इथे मधला काहीतरी कोन पकडतात, पाचर ठोकतात आणि पुढे आयुष्यभर स्टिअरिंग डँपर बदलत राहतात.

तुम्ही तडजोड केली नाहीत. ॲक्सल घोड्यांवर (स्टँडवर) घेतलात, ट्यूबच्या टोकाच्या सी-नकलभोवतीचं (किंगपिन धरणाऱ्या सी आकाराच्या भागाभोवतीचं) वेल्ड ग्राइंडरने हळूहळू उतरवायला घेतलंत. ट्यूबला धक्का लागता कामा नये, म्हणून दर थोड्या वेळाने थांबून, फुंकर मारून, टॉर्च आडवा धरून बघायचात. शेवटी सी आणि ट्यूबच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ उमटली. "आता सुटलं," म्हणालात आणि घण मागितलात. मला वाटलं दणादण घालणार. तुम्ही मात्र एक ठोका, गेज, पुन्हा एक ठोका, गेज, असं चाललात. पिनियन हवा तिथे आणि कॅस्टर पाच अंश. दोन्ही बाजू सारख्या आल्याशिवाय टाकासुद्धा मारला नाहीत. गार झाल्यावर परत मोजलंत, कारण वेल्ड ओढतं.

पाट्यांच्या बैठका तर तुम्ही पक्क्या वेल्ड करूच दिल्या नाहीत. इंजिन, टप, भरलेली टाकी, स्टेपनी, सगळं वजन चढवून ट्रक चाकांवर उभा राहीपर्यंत नुसते टाके. मला घाई होती, रागही आला होता, हे आता सांगायला हरकत नाही. शॅकल (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कड्या) आपल्या जागी बसले, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा दांडा) जवळजवळ आडवी आली, मग मागच्या शाफ्टचा कोन बघून तुम्ही बैठका पक्क्या केल्यात. आज खड्ड्यात चाक गेलं तरी स्टिअरिंग हातात झटका देत नाही.

क्राउन-पिनियनचं काम, ज्यासाठी मी आलो होतो, ते तुम्ही बोलता बोलता उरकलंत. दातांना पिवळी पेस्ट लावून ठसा काढलात, शिम (पातळ चकत्या) बदललीत, परत ठसा. दाताच्या मधोमध स्वच्छ लांबट डाग आला तेव्हा मला बोलावून दाखवलंत. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, आठ थाउ (हजारांश इंच).

एका बाबतीत आपलं जमलं नाही. 24 व्होल्टची वायरिंग काढून 12 कर, हे तुमचं म्हणणं मी ऐकलं नाही आणि ऐकणारही नाही. पण मूळचे दोन्ही ॲक्सल भंगारात घालू नकोस, फ्रेमला नवीन भोक पाडू नकोस, उद्या कुणाला ट्रक होता तसा करायचा असेल तर करता आला पाहिजे, हे तुम्हीच बजावलंत. ॲक्सल बदलले म्हणून माझ्यावर चिडणाऱ्या मंडळींनी हे जरूर वाचावं. डाना 60 आणि 70 ग्रीस फासून, तोंडं बंद करून शेडमध्ये ठेवलेत.

आता ताशी 60 मैलांना काटा 2,500 च्या जवळपास असतो आणि हात सोडले तरी ट्रक सरळ जातो. यू-बोल्ट आवळले. पुढच्या डिफरन्शिअलचं पहिलं तेल काढलं, चुंबकावर बारीक करडी पेस्ट होती, कण एकही नाही. मागच्या पिनियन सीलला किंचित ओल दिसतेय. ब्रीदर (आतली हवा सोडणारी वाट) तुंबला असेल असं वाटतं, तो आधी साफ करतो, मग तुम्हाला सांगतो. तुमचा कोन मोजायचा गेज माझ्याकडेच राहिलाय. रविवारी ट्रकनेच आणून देतो, तुम्ही चालवून बघा.

तुमचा,
एम 715 वाला