खर्चाची मर्यादा उमेदवाराला, मग पक्षाला का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

निवडणूक आली की आपण सगळे उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र उघडून बसतो, कोणाकडे किती जमीन, किती सोनं, किती गुन्हे. ते बघायलाच पाहिजे, सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालामुळे तो हक्क आपल्याला मिळाला. पण त्यात उमेदवाराची मालमत्ता दिसते, प्रचाराला पैसा कुणी पुरवला ते दिसत नाही.

महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा, विधानसभेला ४० लाखांची. चहा, नाश्ता, खुर्च्या, मांडव सगळ्याचे दर ठरलेले असतात, सभांचं शूटिंग करून हिशोब जुळवतात, आणि खर्चाचा हिशोब वेळेत नाही दिला तर ३ वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. चांगलंच आहे. पण पक्ष स्वतःच्या नावावर किती उधळतो त्याला मर्यादाच नाही! स्टार प्रचारकाच्या हेलिकॉप्टरचा खर्च पक्षाचा, नेत्याचा फोटो आणि चिन्ह टाकून पानभर जाहिरात दिली अन् त्यात उमेदवाराचं नाव नसेल तर तीही पक्षाची, मग ९५ लाखांना अर्थ काय उरतो? १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरायला सांगितलं होतं, तर संसदेने कायदाच बदलून तो खर्च उमेदवाराच्या खात्याबाहेर काढला. ती पळवाट २००३ मध्ये बरीचशी बुजवली, पण नेत्यांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही बाहेरच आहे.

दुसरं म्हणजे वेळ. उमेदवाराचा हिशोब निकालानंतर ३० दिवसांत, पक्षाचा विधानसभेनंतर ७५ आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत. मत देऊन झाल्यावर कळून करायचं काय? निवडणूक रोख्यांचंही, म्हणजे देणगीदाराचं नाव उघड न करता पक्षाला पैसे द्यायच्या रोख्यांचंही तेच झालं, २०१८ पासून विकले, कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले, म्हणजे २०१९ ची अख्खी लोकसभा देणगीदारांची नावं माहीत नसताना पार पडली. आजही वर्षभरात २० हजारांपर्यंत देणाऱ्याचं नाव पक्षाने आयोगाला कळवायची सक्ती नाही.

माझी मागणी एवढीच की पक्षांच्या खर्चालाही कमाल मर्यादा घाला आणि मोठ्या देणग्यांची यादी मतदानाच्या आधी वेबसाइटवर टाका. आणि वाचकांनो, उमेदवाराने जमा केलेला हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे १ रुपया फी भरून कोणालाही बघता येतो, तो जाऊन बघा.

– एक मतदार