आधी ब्रेक ऑइल, कॅलिपर मग बघू

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. चार पिस्टनच्या लाल कॅलिपरचं (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबतो तो भाग) चित्र पाठवून ‘घेऊ का?’ असं विचारलंयस. एवढ्यात नको. जोरात पाय दिला की तुझ्या १.६ लिटर इंजिनच्या माझदा मियाटाची चाकं लॉक होतात ना? मग टायर झेपवू शकतो तेवढं ब्रेकिंग तुला आत्ताही मिळतंय. दाब कमी पडत नाहीये. ट्रॅकवर चार फेऱ्या झाल्यावर ब्रेकमध्ये जी उष्णता साठते, ती जिरवणं जमत नाहीये.

हिशेबच कर. तुझ्यासकट गाडी हजार किलोची धर. ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणताना, हवेचा विरोध आणि इंजिन ब्रेकिंग सोडून दिलं तर, सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या ब्रेकचा, म्हणजे एका डिस्कला २६० किलोज्यूल. चार किलोची ओतीव लोखंडी डिस्क एवढ्याने एका दमात सव्वाशे अंशांहून जास्त चढते. ती नीट निवायच्या आत पुढचं वळण हजर.

तेव्हा पैसे काढण्याआधी काय बिघडतंय ते पायाने ओळख. पेडल टणक आहे, पण गाडी थांबत नाही: पॅडने दम सोडला. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातंय: ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय नुसताच खाली जातो. तिसरा प्रकार फसवा आहे. सरळ रस्त्यावर पहिला दाब खोल जातो आणि दुसरा एकदम नीट लागतो. तिथे बहुतेक व्हील बेअरिंगला प्ले, म्हणजे सैलपणा, असतो. वळणात डिस्क हलते आणि पॅडना मागे ढकलते. त्यावर कितीही महाग ऑइल ओतलंस तरी फरक पडणार नाही, बेअरिंगच बदलावं लागेल.

पहिला खर्च ऑइलचा. डॉट ४ (ब्रेक ऑइलची नेहमीची प्रत) चा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३०° सेल्सिअस, आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १५५°. पाणी ते हवेतूनच ओढतं, त्यामुळे दोन वर्षं गाडीत असलेलं ऑइल ट्रॅकवर नेणं म्हणजे जुगार. रेसिंग ऑइल ३००° च्या वर टिकतं, पण त्यातली बरीचशी पाणीही लवकर पितात. हंगामात दोन-तीनदा बदलायची तयारी ठेव. पूर्ण बदलायला अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या आण. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुन्हा वापरू नकोस. आणि डॉट ५ घेऊ नकोस, ते सिलिकॉनचं, डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. अशी सारखी नावं देणाऱ्याला काय म्हणावं!

ऑइल बदलल्यावर नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं, एक आत पेडलवर, एक चाकापाशी. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलप्रमाणे. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलवर पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. आतला म्हणतो ‘दाबलं’, तू निपल पाव आटा सोडायचा, बुडबुडे येतील, धार मंदावेल, निपल बंद, मग तू ‘सोड’ म्हणायचं. हा क्रम उलटला की हवा परत आत. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव. जुन्या मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरात नसतो तिथे गंज साठतो, आणि पेडल तळापर्यंत नेलं की त्यावर घासून सील फाटतात. टाकीतली पातळी दर आठ-दहा दाबांनी बघ. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धू.

पॅड. रस्त्यावरचं साधं पॅड ३५०-४०० अंशांच्या आसपास पकड सोडू लागतं, ट्रॅकचं ६०० च्या पुढे टिकतं. बदल्यात ते थंडपणी कमी पकडतं, किंचाळतं, आणि त्याची धूळ रिमवर चिकटून बसते. म्हणून ट्रॅकचे आणि रस्त्याचे पॅड वेगळे ठेवलेले बरे. पुढे जहाल आणि मागे जुनेच पॅड असं करू नकोस. मागची चाकं काम टाळतात आणि सगळं ओझं पुढे येतं. उलटं तर त्याहून वाईट, मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी फिरते. पॅड निम्मा झाला की ट्रॅकसाठी संपला समज, कारण पातळ पॅडमधून उष्णता सरळ पिस्टनला आणि तिथून ऑइलला जाते.

मागचे पॅड घालताना एक गोष्ट लक्षात ठेव: तुझ्या गाडीचा मागचा पिस्टन क्लॅम्पने दाबून आत ढकलायचा नाही. हॅंडब्रेकची यंत्रणा आत असते, ती मोडते. कॅलिपरच्या मागचा बोल्ट काढलास की आत ४ मिलिमीटरची ॲलन की बसते. तिने पिस्टन मागे घ्यायचा. नवे पॅड बसल्यावर डिस्क धरेपर्यंत आवळायचं आणि मग एकतृतीयांश आटा सोडायचा. हे चुकलं की मास्टर सिलिंडर खराब झालाय असं वाटावं इतकं लांब पेडल मिळतं.

त्याच वेळी कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना काढून पुसून घे. बोटाने सरकल्या पाहिजेत. अडकली पिन म्हणजे एक पॅड तिरका झिजणार आणि एकटाच तापणार. ग्रीस सिलिकॉनचंच लाव, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

नवे पॅड बसवून थेट ट्रॅकवर जाऊ नकोस. मोकळ्या जागी १०० वरून ३० वर आठ-दहा वेळा आण, न थांबता, मग ब्रेक न लावता गाडी चालवत निवव. गरम पॅड दाबून उभा राहिलास तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो, स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेकदा वाकलेली नसतेच. हबवरचा गंज न घासता डिस्क बसवली तरी तसंच होतं. डायल गेजने डिस्कची फेक, म्हणजे फिरताना ती किती डुलते ते, ०.०५ मिलिमीटरच्या आत आहे ना बघ.

डिस्क सपाट घे. भोकं पाडलेली दिसायला छान, पण भेगा भोकापासूनच सुरू होतात. केसासारख्या बारीक भेगा चालतात; भेग कडेपर्यंत पोचली की डिस्क फेकायची, वाद नाही. मोठी डिस्क हवीच असेल तर १.८ लिटरच्या गाडीची २५५ मिलिमीटरची, तिच्या मापाच्या ब्रॅकेटसकट. तुझी २३५ ची आहे. उष्णता साठवायला लोखंड वाढतं आणि मागच्याही १.८ च्या घेतल्यास तर पुढचा-मागचा तोल कंपनीने ठरवलेलाच राहतो.

त्या लाल कॅलिपरची खरी गोम इथेच आहे. पुढे पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं की पेडल लांब होतं आणि पुढची चाकं आधी लॉक होतात. मागचे टायर रिकामे बसतात आणि थांबायचं अंतर वाढतं. पेडल सावरायला मास्टर सिलिंडर ७/८ इंचावरून १५/१६ चा केलास, तर त्याच दाबासाठी पायाला १५ टक्के जास्त जोर लागतो. तरी कधी बसवलेसच, तर हवा काढायचं निपल वर आलंय ना बघ. डावा-उजवा अदलाबदल झाला की ते खाली जातं आणि हवा जन्मात निघत नाही.

स्टीलच्या जाळीच्या नळ्या घाल, पण त्यांनी गाडी लवकर थांबेल असं नाही. पेडल घट्ट लागतं, एवढंच. बोल्टला तांब्याचे वायसर नवे, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून नळी कुठे ताणली-घासली जात नाही ना बघ. याहून जास्त फायदा डिस्ककडे वारा आणणाऱ्या ७५ मिलिमीटरच्या पाइपचा आहे. त्याचं तोंड डिस्कच्या पृष्ठभागावर नको, मधल्या पोकळीकडे हवं. एकाच बाजूला वारा लागला तर डिस्क वेडीवाकडी तापते.

तापमान मोजायला डिस्कच्या कडेला तापमानदर्शक रंगाचे ठिपके लाव: हिरवा ४३०, नारिंगी ५६०, लाल ६१० अंशांना रंग बदलतो. लालही बदलला तर आधी हवेची सोय, मग मोठी डिस्क. नारिंगीवर थांबलं तर तुझे लाल कॅलिपर दुकानातच राहू देत.

तुझाच

ता. क. शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू काढ. आत आल्यावर हॅंडब्रेक ओढू नकोस, गिअरमध्ये ठेव आणि चाकाखाली ठोकळा लाव. चाकं निवली की नटांवर टॉर्क पाना पुन्हा फिरव.