'वजन घटवा, आयुष्य वाढवा' या फलकाविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी सेलूत, परभणी जिल्ह्यात, जनरल प्रॅक्टिस करतो. अलीकडे आमच्याकडच्या एका शिबिरात भलामोठा फलक लागला होता : 'वजन घटवा, आयुष्य वाढवा'. खाली वजनकाटा आणि काट्यापुढे रांग. तेव्हापासून दवाखान्यात कुणी ना कुणी विचारतंच, "डॉक्टरसाहेब, दहा किलो उतरवले तर किती वर्षं वाढतात?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर फलकाइतकं सोपं नाही, आणि ते सरकारनेच सरळ सांगायला हवं.

आधी पक्कं काय आहे ते सांगतो. अमेरिकेत साखर 'बॉर्डर'वर असलेल्या ३,२३४ लोकांवर मोठा अभ्यास झाला; निकाल २००२ साली आला. ज्यांना वजन सात टक्क्यांनी उतरवायला आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला लावलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनीच घटलं. सात टक्के म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाने साडेपाच किलो. हे आमच्या आवाक्यातलं आहे. एवढ्यानेही बीपी उतरतं, गुडघ्यावरचा भार हलका होतो, घोरणं कमी होतं.

आयुष्य वाढण्याचं मात्र तसं नाही. मधुमेह असलेल्या ५,१४५ वजनदार लोकांवर अमेरिकेतच दुसरा अभ्यास साडेनऊ वर्षं चालला. वजन उतरलं, गोळ्या कमी लागल्या, चालणं-फिरणं सुधारलं. पण हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू काही घटले नाहीत, म्हणून २०१२ मध्ये तो थांबवला. उलट स्वीडनमध्ये अतिस्थूल लोकांच्या वजन उतरवण्यासाठी पोटाच्या शस्त्रक्रिया करून त्यांच्यावर अनेक वर्षं लक्ष ठेवलं. शस्त्रक्रिया न केलेल्या तशाच लोकांपेक्षा ते सुमारे तीन वर्षं जास्त जगतात असं दिसलं. आयुष्य वाढतं ते इथे, भरपूर वजन उतरून ते टिकतं तेव्हा. तरीही सर्वसाधारण लोकांच्या मानाने त्यांचं आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच राहिलं. वेळेवर आवर घातलेला बरा तो यासाठी.

(सध्या लोक वजन उतरवण्याच्या इंजेक्शनचंही विचारतात. हृदयविकार असलेल्या वजनदार लोकांमध्ये सेमाग्लुटाइड या इंजेक्शनने हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे धोका २० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये सिद्ध झालं आहे. पण ते थांबवलं की उतरलेलं वजन बरंचसं परत येतं, आणि मोंढ्यातल्या हमालाला ते जन्मभर परवडणार आहे का, हे आपणच सांगा.)

फलकाची मला खरी धास्ती वेगळीच आहे. आमच्या भागात वजन घटतं ते पुष्कळदा न घटवताच. माणूस दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, उन्हाळ्यात परततो तो सहा-सात किलो उतरूनच. घरचे म्हणतात, कष्टाने वाळला. त्यात कधी टीबी निघतो, कधी साखर चारशेच्या घरात. जगभरच्या आकडेवारीतही वजन उतरलेल्यांत मृत्यू जास्त दिसतात, त्यामागे मोठं कारण हेच : आजार आधी आलेला असतो, वजन नंतर गेलेलं असतं. आपल्या काट्यापुढे असा माणूस उभा राहिला तर फलक त्याला शाबासकी देऊन घरी पाठवेल. त्याच दिवशी त्याची थुंकी आणि साखर तपासायला हवी.

आणि काटा तरी किती खरं बोलतो? मोंढ्यात आडतीवर बसणारे एक मुनीम माझ्याकडे येतात. उंची साडेपाच फूट, वजन सहासष्ट. हातपाय बारीक, पोट सदऱ्याच्या बटणांना ताण देणारं. काटा म्हणतो ठीक आहे. साखर म्हणते नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र ब्रिटिशाच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे बीएमआय तेवीसच्या वर गेला की सावध व्हायचं, आणि कंबर पुरुषाची नव्वद, बाईची ऐंशी सेंटिमीटरच्या आत ठेवायची.

गंमत अशी की कंबर मोजण्याची सोय आपल्या खात्याने केलेलीच आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा आशाताई जो सी-बॅक फॉर्म (मधुमेह-बीपीसारख्या आजारांचा धोका मोजणारा) भरतात, त्यात कंबरेचा रकाना आहे. बाईची ऐंशीपर्यंत शून्य गुण, नव्वदपर्यंत एक, पुढे दोन. एकूण बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला पाठवायचं. फॉर्म चांगला आहे. पण तो भरताना पाहिलात का कधी? म्हातारी नऊवारीत, टेप निऱ्यांवरून जातो आणि चार-पाच सेंटिमीटर कापडाचेच धरले जातात. पुरुष टेप दिसला की श्वास आत ओढतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, अंगालगत मोजायचं, हे शिकवायला किती वेळ लागतो? आशाताईंचा दोष नाही. त्यांच्याकडून आढाव्यात एवढंच विचारलं जातं की फॉर्म किती भरले.

भरल्यावर पुढे काय, याला उत्तर नाही. रुग्णाला सांगतात, "वजन कमी करा." तो भाकरी सोडतो, चहाबरोबर बिस्किटं खातो आणि सोमवार-गुरुवार उपवास धरून साबुदाणा, शेंगदाणे हाणतो. चेन्नईत ५३१ जणांवर झालेल्या अभ्यासात वजन फारसं हललं नसतानाही, नुसत्या खाण्या-चालण्याच्या बदलाने मधुमेह २८.५ टक्क्यांनी घटला. तिथे लोकांना सल्ला देऊन सोडलं नव्हतं. मागे लागून पाठपुरावा केला होता. अमेरिकेतही सहा महिन्यांत सोळा भेटी होत्या. गुण आला तो या मागे लागण्याने.

तेव्हा मागणी थोडकी आहे. उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) आठवड्यातले दोन तास याच कामासाठी मोकळे करून द्या, आणि ते बाजाराच्या दिवशी ठेवा, कारण त्या दिवशी लोक गावात येतातच. कंबर जास्त भरलेल्या पंधरा-वीस जणांचा गट, सहा महिने, तोच सीएचओ. संध्याकाळी जिल्हा परिषद शाळेचं मैदान बायकांना चालायला उघडं मिळावं. ते खातं आपलं नाही, पण मंत्रिमंडळात शेजारी तर बसता. आणि आढाव्यात फॉर्मच्या संख्येबरोबर हेही विचारा, की वर्षापूर्वी ज्यांची कंबर वाढलेली होती त्यांच्यातल्या किती जणांची आज कमी आहे.

सेलू तालुक्यात सुरुवात करायची ठरली तर पहिल्या गटांसाठी मी विनामूल्य येईन. फलक मात्र तेवढा उतरवून घ्यावा.

आपला विश्वासू,
सेलूतील एक डॉक्टर